खासगी शाळा, सार्वजनिक परीक्षा

१२ फेब्रुवारी १८५३ रोजी पुण्यात पूना कॉलेजच्या आवारात २३७ मुलींची परीक्षा झाली. ती बंद खोलीत झाली नाही. पेठांमधले रहिवासी आणि इंग्रज अधिकारी पाहत असताना मुलींनी वाचून दाखवले आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली. या मुली ज्या शाळांमधून आल्या होत्या त्या सरकारी नव्हत्या आणि मिशनऱ्यांच्याही नव्हत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले आणि त्यांच्या मित्रमंडळींनी वर्गणी गोळा करून त्या चालवल्या होत्या. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती आणि मुलीने अक्षर गिरवले तर नवरा मरतो असे मानणारी घरे शहरात पुष्कळ होती. अशा शहरात एका खासगी संस्थेने आपल्या प्राथमिक शाळेतल्या मुली चारचौघांसमोर उभ्या केल्या. शाळेने समाजासाठी काय केले आणि तिच्या विद्यार्थ्यांनी काय मिळवले, हे दोन प्रश्न आपण सहसा वेगवेगळे विचारतो. पुण्यातल्या या शाळांचा इतिहास सांगतो की ते मुळात एकच आहेत. मुलांनी जे मिळवले ते समाजाला काही सांगणारे असेल तरच ते शाळेचे सामाजिक योगदान ठरते, आणि ते सांगण्याची जागा शाळेला स्वतःहून तयार करावी लागते. हे विधान मी या शाळांच्या सुमारे दहा वर्षांच्या पुराव्यावर तपासून पाहणार आहे.

त्या काळच्या शिक्षणव्यवस्थेत या शाळांना मुळात जागाच नव्हती. इंग्रज सरकारने पुण्यात १८२१ साली जी पहिली मोठी संस्था काढली ती संस्कृत पाठशाळा होती. तिचा खर्च विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून होई आणि तिथे प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थी शास्त्रे शिकत. पुढे मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळाने, विशेषतः सर अर्स्किन पेरी अध्यक्ष असताना, वरच्या वर्गांना आधी शिकवावे, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असे धोरण धरले. मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने अजून घेतलेली नव्हती. मिशनऱ्यांनी मात्र सुरुवात केली होती. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली होती आणि अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा चालू होती. जोतीरावांनी ती पाहिली आणि पुण्यात तसेच काही करावे हा विचार पक्का केला. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या तरुणांच्या ज्ञानप्रसारक सभेनेही १८४९ पासून मुलींच्या शाळा चालवल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण तिथे शिकवत होते. तेव्हा ‘पहिली शाळा कोणाची’ हा वाद इथे महत्त्वाचा नाही. शाळा आधीही होत्या. पुण्यातल्या शाळेचे वेगळेपण असे की ती ज्या शहरात उभी राहिली त्याच शहराच्या रूढींना तिने आव्हान दिले, आणि ज्यांना बहुतेक शाळा दारात उभे करत नव्हत्या अशा मुलांना तिने आत घेतले.

१८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात पहिली शाळा सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. जोतीराव-सावित्रीबाईंना जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले. हे अपयश लपवण्याचे कारण नाही, कारण पुढची उभारणी त्यातूनच झाली. १८५१ साली शाळा नव्याने उघडली तेव्हा ती एका दांपत्याच्या धाडसावर उभी नव्हती, तिच्या मागे मंडळी होती. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत अशा मुलींच्या शाळा निघाल्या. वाडा देणारे अण्णासाहेब चिपळूणकर ब्राह्मण होते. केशव शिवराम भवाळकर, सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे सहकारीही ब्राह्मण होते. महार-मांग वस्त्यांमधून मुले शाळेपर्यंत आली त्यामागे लहुजी साळवे आणि राणबा महार यांचे साहाय्य होते. १८५३ साली ‘महार, मांग इत्यादी लोकांस विद्या शिकविणारी मंडळी’ स्थापन झाली तेव्हा या कामाला रीतसर संस्थेचे रूप आले. समाजाने शाळेला काय दिले याची ही खरी यादी आहे. कोणी जागा दिली, कोणी शिकवण्याचे श्रम दिले, कोणी वर्गणी दिली. सर्वांत मोठे देणे त्या आईबापांचे होते, ज्यांनी बहिष्काराची भीती असूनही मुलीला शाळेत पाठवले. कारण पैसा बुडाला तर पुन्हा मिळतो, जातीबाहेर टाकलेल्या घराला परत यायला पिढी जावी लागते.

पैशाचा प्रश्नही निव्वळ हिशेबाचा नव्हता. दाभाडे घराण्याने सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढवलेली दक्षिणेची प्रथा पुण्याच्या जीवनात खोल रुजली होती. दर श्रावणात पर्वतीच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी ती लगेच बंद केली नाही, हळूहळू कमी केली. १८४९ च्या सुमारास ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिणारे सुधारक आणि काही तरुणांनी मागणी केली की या रकमेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, जात न पाहता, बक्षीस म्हणून द्यावा. शहरात त्यावरून मोठा गदारोळ झाला, पण मागणी मान्य झाली. याच दक्षिणा निधीतून पुढे फुले मंडळींच्या मुलींच्या शाळांना दरमहा ७५ रुपयांची मदत मिळू लागली. एकाच वर्णाच्या पांडित्यासाठी राखलेला पैसा सर्व जातींच्या मुलींच्या अक्षरओळखीसाठी खर्च होऊ लागला, हा केवळ अनुदानाचा बदल नाही. विद्येवर कोणाचा हक्क आहे, याचे शहराने आपल्या खजिन्यात लिहिलेले नवे उत्तर म्हणून त्याकडे पाहावे लागते. १८५३ ची परीक्षा ज्या पूना कॉलेजच्या आवारात झाली ते कॉलेजही जुन्या संस्कृत पाठशाळेत इंग्रजी शाळा मिळवून १८५१ साली बनले होते. पैसा आणि जागा दोन्ही जुन्याच होत्या, त्यांचा धनी बदलत होता.

उघड परीक्षेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. खासगी शाळेला परीक्षा उघड्यावर घ्यायची सक्ती नव्हती. तरी या मंडळींनी ती घेतली, वर्गणीदारांना अहवाल दिले आणि आपले काम वृत्तपत्रांतून लोकांपुढे येऊ दिले. यात एक व्यावहारिक कारण होते. वर्गणी देणाऱ्याला पैसा कुठे गेला हे दाखवणे भाग होते. पण परीक्षेचे काम तेवढ्यावर थांबत नव्हते. ‘मुलींना शिकता येत नाही’ हा शहराचा समज वादविवादाने सुटणारा नव्हता, कारण वाद घालणाऱ्यांकडे शास्त्राधार तयार होते. वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल यांवरच्या प्रश्नांना मुलीने सर्वांदेखत दिलेले बरोबर उत्तर मात्र कोणत्याही शास्त्राधाराने खोडता येत नव्हते. तिथे मुलीचे यश तिच्या एकटीचे राहिले नाही, तो शहरापुढे मांडलेला पुरावा झाला. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे जोतीरावांना शालजोडी देऊन गौरवण्यात आले, त्यामागेही अशा परीक्षांतून दिसलेले काम होते. शाळेत शिकलेल्यांपैकी काही जण पुढे तिथेच शिकवू लागले. सावित्रीबाईंचा प्रवासही असाच, घरी नवऱ्याकडून शिकून शिक्षिका होण्याचा. मिळवलेली विद्या लगेच पुढे द्यायची ही या शाळांची रीतच होती.

पण या शाळांच्या फळाचे सर्वांत ठळक उदाहरण परीक्षेच्या पटांगणात सापडत नाही, ते छापील पानावर आहे. महार-मांगांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातल्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. आज ती मुक्ता साळवे म्हणून ओळखली जाते. निबंधाची सुरुवातच ती धर्माच्या प्रश्नाने करते. वेद ब्राह्मणांचे आणि ते पाहण्याचाही आम्हाला अधिकार नाही, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता आणि आम्ही कोणत्या धर्माचे, असे ती थेट देवालाच विचारते. ज्या धर्मात एकालाच सर्व लाभ आणि बाकीचे वंचित, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा व्हावा, अशी तिची मागणी आहे. मग ती पुण्याच्या स्मृतीकडे वळते. इमारतींच्या पायात पुरलेली माणसे, तालीमखान्यासमोरून गेल्याबद्दल कापलेली डोकी, कोणी महार-मांग वाचायला शिकला तर बाजीरावाने त्याला केलेली शिक्षा. हे सारे तिच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळलेले होते. शाळेने तिला लिपी दिली आणि त्या लिपीत ते पहिल्यांदा समाजाच्या आतून लिहिले गेले. वरच्या जातींनी लिहिलेल्या बखरींत ही बाजू नव्हती. पुण्याच्या इतिहासाला एका प्राथमिक शाळेच्या विद्यार्थिनीने एक अख्खा नवा साक्षीदार मिळवून दिला, आणि शाळेचे योगदान मोजायचे तर त्याची सुरुवात इथून करावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा घेता येतो की निबंधामागे शिक्षकांचा हात असेल. मुलीने लिहिले, मोठ्यांनी सुधारले, आणि आपण आज त्याला मुलीचा विचार म्हणतो. शिक्षकाने शुद्धलेखन पाहिले असेल, वाक्ये नीट करून दिली असतील, आणि त्या शाळेत ऐकलेले विचार तिच्या लेखनात उतरले असतील, हे सहज शक्य आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत हे खरे असते. पण निबंधातले काही तपशील शिकवून येणारे नाहीत. बाळंतीण बाईला घरावर छप्पर नसल्याने पाऊस आणि थंडी सोसावी लागते, हे ती लिहिते आणि वाचणाऱ्यांना आपापल्या अनुभवावरून ते ताडून पाहायला सांगते. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून जखमी केले तरी महार-मांगांची मुले तक्रार करत नाहीत, कारण त्याच घरी उष्टे मागायला जायचे असते, हेही ती नोंदवते. हे बारकावे महार-मांगांच्या घरात राहिलेल्या माणसालाच सुचतात. याहून मोलाचा पुरावा म्हणजे ती आपल्या हितकर्त्यांकडेही डोळसपणे पाहते. ज्यांनी आम्हाला तुच्छ लेखले त्यांच्यातलेच काही आता आमच्या उद्धाराला निघाले आहेत याचे तिला नवल वाटते, आणि ते ती लिहून ठेवते. शेवटी समाजबांधवांना विद्येच्या औषधाने बरे व्हा असा उपदेश केल्यानंतर ती स्वतःच एक शंका काढते: चांगले शिकलेली माणसेही वाईट वागतात, तेव्हा विद्येने माणूस चांगला होतोच हे मला सिद्ध करता येत नाही. आपल्या शाळेच्या मुख्य आश्वासनावर शंका घेणारा मजकूर कोणताही शिक्षक विद्यार्थिनीच्या तोंडी घालणार नाही. तो तिने लिहिला आणि तसाच राहू दिला गेला, यातच तिच्या स्वतंत्र बुद्धीचा पुरावा आहे आणि शाळेच्या प्रामाणिकपणाचाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि निष्ठेचा आहे. या शाळांना युरोपियनांची वर्गणी होती, सरकारी निधीची मदत होती, आणि मुक्ताच्या निबंधातही इंग्रजी राज्याची स्तुती आहे. मग हे समाजाचे काम कसे? ते राज्यकर्त्यांच्या आश्रयाने झाले असे का म्हणू नये? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. इंग्रजी राज्याने जमिनीचा सारा आणि कारागिरांचा धंदा यांवर काय परिणाम केला ते मुक्ताच्या निबंधात येत नाही. पुढे जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते सविस्तर मांडले. पण आश्रय कोणाचा होता आणि काम कोणाचे होते, हे वेगळे काढले पाहिजे. सरकारने या शाळा काढल्या नाहीत. शाळा उभ्या राहिल्यावर त्यांना मदत केली. मुलींना घराबाहेर काढणे, शिक्षक तयार करणे, जातीच्या रोषाला तोंड देणे यांतले काहीही अनुदानाने होत नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, हे तत्त्व पुढे १८५८ साली वरून स्पष्ट करावे लागले. म्हणजे जे सरकार पुण्यात शालजोडी देत होते त्याच सरकारची शाळा धारवाडात दार लावून बसली होती. मुक्ताने जी मोकळीक इंग्रजी राज्याच्या नावावर जमा केली, तिच्यातली शाळेची जागा तरी या खासगी मंडळींनीच मिळवलेली होती.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. या शाळा टिकल्या नाहीत. १८५७ च्या उठावानंतर युरोपियन वर्गणीदारांचा ओघ आटला, मंडळींत पांगापांग झाली आणि काम सुरू केल्यापासून सुमारे दहा वर्षांनी जोतीरावांनी त्यातून अंग काढून घेतले. मुक्ताचेही दुसरे लेखन उपलब्ध नाही. इतक्या अल्पजीवी प्रयत्नाला एवढे मोल का द्यावे? १८८२ साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी स्वतः सांगितले आहे की मुलींच्या शाळा शिक्षण खात्याकडे सोपवल्या गेल्या आणि अजून चालू आहेत, महार-मांगांची एक शाळाही चालू आहे, पण तिची स्थिती समाधानकारक नाही. संस्थापकाने आपल्या कामाचा असा सरळ हिशेब द्यावा हे दुर्मीळ आहे. त्यातून दोन गोष्टी कळतात. संस्था हस्तांतरित झाली, नष्ट झाली नाही. आणि तिचा खरा परिणाम इमारतीच्या आयुष्यावर अवलंबून नव्हता. या वर्गातली मुले शिकू शकतात हे एकदा सर्वांदेखत सिद्ध झाल्यावर ‘ते शक्य नाही’ असे म्हणण्याची सोय कोणाला उरली नाही. पुढच्या काळात वाद झाले ते पैसा, सक्ती आणि एकत्र बसण्याचे. क्षमतेचा वाद पुण्यापुरता तरी १८५३ सालीच निकालात निघाला होता.

चौथा आक्षेप आजच्या वाचकाच्या मनात आधी येईल. खासगी शाळांचे असे गुणगान केले तर सरकारला जबाबदारीतून मोकळे करण्याला ते बळ देणार नाही का? या प्रश्नाचे उत्तर जोतीरावांनीच दिले आहे. ज्या माणसाने खासगी शाळा स्वतः चालवल्या, त्याच माणसाने १८८२ साली सरकारपुढे मागणी केली की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. रयतेच्या साऱ्यातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याबद्दल त्यांनी सरकारला जाब विचारला. आपली वर्गणीची शाळा सरकारची जागा घेऊ शकते असे त्यांनी कधी म्हटले नाही. सरकार जे अशक्य म्हणून टाळत होते ते शक्य आहे, एवढे त्या शाळेने दाखवून दिले आणि त्या दाखल्याच्या जोरावर त्यांनी ते सर्वांसाठी मागितले. पुढे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले आणि ते नामंजूर झाले, १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. या साऱ्या वाटचालीत पुण्याच्या छोट्या शाळांचा वाटा आकड्यांत मांडता येणार नाही. पण खासगी प्रयत्नाची परिणती सार्वजनिक हक्कात व्हावी, ही दिशा त्यांनीच आधी दाखवली होती.

आज महाराष्ट्रात हजारो खासगी प्राथमिक शाळा आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेतले गुण, क्रीडास्पर्धांमधली पदके, पूरग्रस्तांसाठी जमवलेला निधी, वृक्षारोपण यांची माहिती त्या अभिमानाने देतात, आणि या कामात मुलांचे आणि शिक्षकांचे खरे कष्ट असतात. त्यांना कमी लेखण्याचा हक्क कोणालाच नाही. फुले मंडळींच्या शाळांनी मात्र एक अधिक कठीण कसोटी घालून दिली आहे. शाळेत कोणती मुले येतात आणि कोणती येऊच शकत नाहीत, याचा हिशेब शाळेने शहरापुढे मांडावा. मुलांनी जे मिळवले त्यातून त्यांच्या समाजाविषयी आधी न लिहिलेले काही लिहिले गेले का, हे तिने स्वतःला विचारावे. आणि विद्यार्थ्याने शाळेच्या आश्वासनावरच शंका काढली तर ती छापण्याचे धैर्य तिने दाखवावे. शुल्क घेणारी शाळाही हे करू शकते, कारण याला पैसा कमी आणि निर्धार जास्त लागतो. ज्या शाळेचे विद्यार्थी समाजाला नवा पुरावा, नवी साक्ष किंवा नवा प्रश्न देतात त्या शाळेला सामाजिक कार्याचा वेगळा विभाग चालवावा लागत नाही. तिच्या वर्गातले रोजचे शिकणे हेच तिचे सामाजिक कार्य असते, आणि त्याच मापाने तिला मोजले पाहिजे.